हत्यारांचा कायदा आणि देवगडची बंदूक

निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली कीं आमच्या जिल्ह्यांत एक विधि न चुकतां पार पडत आला आहे. पोलीस ठाण्यांतून निरोप निघतात, आणि शेतीसंरक्षणाचा परवाना असलेले बागायतदार आपापली बंदूक घेऊन ठाण्याची वाट धरतात. २०२४ सालची लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली ती जूनच्या पहिल्या आठवड्यांत उठली. हापूस झाडावर तयार व्हावा, उतरावा, पेटींत भरला जावा आणि वाशीच्या बाजारांत पोंचावा, नेमका तोच हा काळ! त्याच वर्षीं विधानसभेची आचारसंहिता १५ आक्टोबरला लागली, तेव्हां भात कापणीला आलेलें होतें. माकडांना व रानडुकरांना निवडणूक आयोगाच्या अधिसूचना वाचतां येत नसल्यामुळें त्यांनीं आपला कार्यक्रम पुढें ढकलला नाहीं.

ही तक्रार रास्त आहे, आणि कागदोपत्रीं तिचा निकाल २००९ सालींच लागलेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयास अनुसरून निवडणूक आयोगानें त्या वर्षीं प्रत्येक जिल्ह्यांत जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांची छाननी समिति असावी असें ठरविलें. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वीं दंग्यांत आणि विशेषतः निवडणुकीच्या दंग्यांत सांपडलेले, अशा परवानेवाल्यांचा एकेकट्याचा विचार व्हावा, हा त्या हुकुमाचा गाभा. परंतु माणूस पाहून निवड करणें कष्टाचें, आणि सगळ्यांचीं हत्यारें सरसकट गोळा करणें सोपें. म्हणून खालच्या कचेऱ्यांचा ओढा नेहमीं सोप्याकडे असतो. येथवर बागायतदारांची बाजू आम्हांस मान्य आहे. ती मांडतांना मात्र आमचे कित्येक मित्र एक पाऊल पुढें जाऊन विचारतात, "हत्यारांच्या कायद्यानें आजवर कोणाचा जीव वांचला आहे काय?" आणि उत्तराची वाट न पाहतां स्वतःच म्हणतात, "कोणाचाही नाहीं." त्यांचा प्रश्न योग्य आहे. उत्तर चुकीचें आहे, आणि तें चुकीचें कां हेंच आज सांगावयाचें आहे.

हत्यारांचा कायदा हे शब्दच मराठी कानाला कडू लागतात, याला इतिहास आहे. लॉर्ड लिटन यांच्या अमदानींत १८७८ सालीं तो कायदा झाला. गोऱ्याला परवान्यावांचून बंदूक बाळगतां येई, आणि ज्याचीं गुरें वाघ उचलून नेई त्या शेतकऱ्याला तिच्यासाठीं साहेबाच्या दाराशीं ताटकळत बसावें लागे. ज्या किनाऱ्यावर विजयदुर्गच्या तोफा एके काळीं परक्या आरमारांना दूर ठेवीत होत्या, तेथल्या लोकांना हा अपमान विशेष झोंबला असल्यास नवल नाहीं. राष्ट्रीय सभेनें या कायद्याविरुद्ध वारंवार ठराव केले, आणि १९३१ च्या कराची अधिवेशनांत मूलभूत हक्कांच्या यादींत, नियमांच्या मर्यादेंत राहून हत्यार बाळगण्याचा हक्कही घातला. पुढें १९४८ च्या डिसेंबरांत घटनासमितींत ह. वि. कामत यांनीं तोच हक्क घटनेंत यावा म्हणून दुरुस्ती मांडली, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं ती मान्य केली नाहीं. कराचीची मागणी परक्या राज्याच्या परिस्थितींतली होती, आणि आतां असा सरसकट हक्क दिल्यास ज्यांच्या हातीं हत्यार जाऊं नये तेही त्यावर बोट ठेवतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

आम्ही या वादांत डॉ. आंबेडकरांच्या बाजूचे आहोंत. १८७८ च्या कायद्याचें पाप हें नव्हे कीं त्यानें परवाना मागितला. परवाना देणारा लोकांना जबाबदार नव्हता, आणि तो परवाना कातडीचा रंग पाहून माफ होत असे, हें त्याचें पाप. १९५९ चा कायदा आपल्या प्रतिनिधींनीं केलेला आहे, आणि त्यांत शेतकऱ्याची आठवण ठेवलेली आहे. त्याचें कलम १३ पाहावें. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठीं ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकास, दुसरी कांहीं अपात्रता आड येत नसेल तर, परवाना द्यावा असें तेथें आहे, आणि ठासणीची बंदूक पुरी पडत नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसरीही देतां येते. तेव्हां बागायतदाराची बंदूक ही कोणाची मेहेरबानी नव्हे. ती कायद्यानें ओळखलेली गरज आहे. पण गरज ओळखणारा कायदा गरजेची हद्दही आंखतो, आणि तिचा अपमान मानण्याचें आतां कारण उरलेलें नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आस्ट्रेलियांत २८ एप्रिल १९९६ रोजीं टास्मानिया बेटावरील पोर्ट आर्थर येथें एका माणसानें ३५ जणांना ठार केलें. त्यानंतर कांहीं दिवसांतच तेथील मध्यवर्ती सरकार व राज्यें यांनीं करार केला. एकामागून एक झटपट गोळ्या झाडणाऱ्या रायफली सामान्य माणसास बंद झाल्या. प्रत्येक हत्याराची नोंद, खरें कारण दाखविल्यावांचून परवाना नाहीं, मागणी आणि खरेदी यांत २८ दिवसांचें अंतर, आणि घरांत हत्यार कुलुपांत ठेवण्याची सक्ति, असे नियम झाले. सुमारें साडेसहा लाख हत्यारें सरकारनें मोबदला देऊन परत घेतलीं. पुढील वीस वर्षांत बंदुकीनें मरणाऱ्यांचें प्रमाण निम्म्याहून खालीं गेलें. उलट बाजूही सांगितली पाहिजे. तें प्रमाण १९९६ च्या आधींपासूनच उतरत होतें, आणि या उतारांत कायद्याचा वाटा किती याविषयीं पंडितांचें एकमत नाहीं.

म्हणून अधिक स्वच्छ दाखला पाहावा. अमेरिकेंतील कनेक्टिकट राज्यानें १९९५ सालीं पिस्तुल घेण्यापूर्वीं परवाना आणि शिक्षण सक्तीचें केलें. मिझूरी राज्यानें उलट २००७ सालीं होता तो परवाना काढून टाकला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं दोन्ही ठिकाणचे आंकडे तपासले, तों पहिल्या ठिकाणीं बंदुकीचे खून अपेक्षेपेक्षां कमी आणि दुसऱ्या ठिकाणीं जास्त भरले. सर्वांत बोलका दाखला आम्हांस इस्रायलचा वाटतो. तेथें तरुण शिपाई सुटीच्या दिवसांत रायफल घरीं घेऊन जात. २००६ सालीं लष्करानें ती छावणींतच ठेवून जाण्याचा हुकूम केला. माणसें तींच, रायफली त्याच, शिक्षेची कलमें तींच. बदलली ती रायफलीची रात्र काढण्याची जागा. त्यानंतर त्या शिपायांमधील आत्महत्या सुमारें ४० टक्क्यांनीं कमी झाल्या, आणि ही घट मुख्यतः सुटीच्या दिवसांतली होती. अमेरिकेंत २०२१ सालीं बंदुकीनें ४८,८३० माणसें मेलीं, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आपल्याच हातानें. खून असो कीं आत्महत्या, संतापाची किंवा निराशेची घटका आली असतां हत्यार हाताशीं आहे कीं कुलुपांत आहे, यावर एक जीव जाणें न जाणें पुष्कळदां ठरतें. ज्या कायद्यानें हात आणि बंदूक यांच्या मध्यें कांहीं अंतर पडलें त्यानें जीव वांचले. ज्या कायद्यानें नुसता कागद वाढला त्यानें वांचले नाहींत.

परदेशचा हिशेब जसाच्या तसा येथें लावूं नये, हेंही खरें. हिंदुस्थानांत आत्महत्या करणारा बहुधा दोरी किंवा विष जवळ करतो. बंदुकीचा भाग फार लहान आहे. शिवाय २०१६ च्या अखेरीस साऱ्या देशांत सुमारें ३३ लाख ६९ हजार हत्यारी परवाने होते आणि त्यांपैकीं एकट्या उत्तर प्रदेशांत १२ लाख ७७ हजारांहून अधिक होते. महाराष्ट्राचा आंकडा एक लाखालाही पोंचत नव्हता. आणि आपल्याकडे बंदुकीनें होणाऱ्या खुनांत परवाना नसलेल्या हत्याराचा वाटा परवान्याच्या हत्याराच्या कित्येक पट आहे. आमच्या मित्रांचा मुख्य मुद्दा येथेंच असतो. मारेकरी परवाना काढून खून करीत नाहीं. मग कायदा बांधतो कोणाला? सरळ माणसालाच ना? २० आगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या गावठी पिस्तुलानें. १० मे २०२४ रोजीं दोघां मारेकऱ्यांना जन्मठेप झाली, म्हणजे निकालाला जवळजवळ अकरा वर्षें लागलीं. जळगांव जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या उमर्टीसारख्या ठिकाणीं पिस्तुलें घडविलीं जातात, हें कोणा पोलीस अधिकाऱ्याला नव्यानें सांगावयास नको. या धंद्यापुढें देवगडच्या बागायतदाराची बंदूक जमा करून घेणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं! इतकें आम्हांस पूर्ण मान्य आहे.

पण यावरून परवान्याचा कायदा निरर्थक ठरत नाहीं. पिस्तुल घरच्या भट्टींत घडवितां येतें, काडतूस सहसा येत नाहीं. तें कोठल्या तरी हिशेबाच्या वहींतून गळालेलें असतें, आणि ती वही तपासणें हें परवान्याच्या कायद्याचेंच काम आहे. दुसरें असें कीं परवान्याचीं हत्यारें सदा निर्दोष असतात हा समजही खोटा आहे. २२ एप्रिल २००६ रोजीं मुंबईंत प्रमोद महाजन यांच्यावर त्यांच्या घरांत त्यांच्याच भावानें गोळ्या झाडल्या त्या परवान्याच्या पिस्तुलांतून. ८ फेब्रुवारी २०२४ रोजीं मुंबईंतच अभिषेक घोसाळकर यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्यानें स्वतःचें हत्यार वापरलें नव्हतें. तें त्याच्या अंगरक्षकाचें होतें, आणि त्या अंगरक्षकाचा परवाना उत्तर प्रदेशचा होता. परवाना एकाच्या नांवें, हात दुसऱ्याचा! या शेवटच्या गोष्टीवर आमच्या बागायतदार वाचकांनीं क्षणभर थांबावें, कारण ती मुंबईपुरती नाहीं.

देवगडांत काय चालतें? बाग एकाच्या नांवावर, आणि तो धंद्यानिमित्त मुंबईंत किंवा बाजारपेठेंत. कातळावरच्या बागेंत रात्रीं असतो तो राखणदार, आणि अलीकडे तो पुष्कळदां दूरदेशाहून, नेपाळांतून आलेला मजूर असतो. मालकाच्या नांवची बंदूक त्याच्या खोपटांत भिंतीला टेंकून उभी असते. हें गुपित नाहीं. कायदा याविषयीं स्पष्ट आहे. ज्याच्या नांवें परवाना त्यानेंच हत्यार वापरावें. दुरुस्तीसाठीं किंवा परवाना बदलून घेण्यासाठीं दुसऱ्याकडून लेखी अधिकारपत्रानें पाठवितां येईल, परंतु झाडण्यासाठीं परक्याच्या हातीं देतां येणार नाहीं. तसें देणारा मालक स्वतः गुन्हेगार होतो. उद्यां अंधारांत खसखस ऐकून त्या राखणदारानें गोळी झाडली, आणि ती सांपळा पाहावयास आलेल्या शेजाऱ्याच्या पोरास लागली, तर मालक न्यायालयांत काय सांगणार? "मी तेथें नव्हतों" ही त्याची सफाई नव्हे. तोच त्याच्यावरील आरोप आहे.

अशा गोळ्या सुटत नाहींत असें कोणी म्हणूं नये. २०२५ च्या जानेवारीच्या अखेरीस पालघर जिल्ह्यांत मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलांत गांवकरी रानडुकराच्या शिकारीस गेले. एका टोळींतल्यानें झाडींत हालचाल पाहून डुक्कर समजून गोळी झाडली. तीं आपलींच माणसें निघालीं. एकाचा जीव गेला. त्याहून भयंकर गोष्ट पुढें घडली. सोबत्यांनीं पोलिसांत वर्दी दिली नाहीं. प्रेत झुडपांत लपविलें, आणि तें हातीं लागावयास कित्येक दिवस गेले. तीं माणसें कांहीं पिढीजात गुन्हेगार नव्हतीं. शिकारच बेकायदा, हत्यारही बेकायदा असेल तर जखमीला दवाखान्यांत नेणें म्हणजे स्वतःच्या हातानें बेडी घालून घेणें, असा हिशेब त्या क्षणीं मनांत उभा राहतो. आणि जो माणूस वेळेवर दवाखान्यांत नेला असतां कदाचित् वांचला असता तो रानांत रक्त जाऊन मरतो. कोंकणांतल्या कोणत्याही गांवीं वडीलधाऱ्या माणसास विचारावें. "बंदूक साफ करतांना उडाली" असें सांगून मिटविलेली एखादी तरी गोष्ट त्यास आठवेल.

या लपवाछपवीला कायद्यांतील एक विसंगति खतपाणी घालते, आणि तिचा दोष शेतकऱ्याच्या माथीं मारतां येणार नाहीं. एक खातें त्यास पिकाच्या रक्षणासाठीं बंदुकीचा परवाना देतें. दुसरें खातें, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें, त्याच बंदुकीनें रानडुक्कर मारल्यास त्यास आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करतें, कारण त्या कायद्याच्या कलम ११ अन्वयें वनखात्याची लेखी परवानगी आधीं पाहिजे. डुक्कर रात्रीं दोन वाजतां भातांत शिरतें. परवानगीचा कागद कचेरीच्या वेळेंत हलतो. तेव्हां शेतकरी एक तर हवेंत बार काढून समाधान मानतो, नाहीं तर चोरून मारतो आणि चोरून खातो. वन्य प्राणी वांचावे हें आम्हांसही हवें आहे. परंतु ज्या कायद्याचें पालन करतां येण्याजोगें नाहीं तो शेवटीं चोरीची संवय लावतो, आणि चोरीनें चालणारी बंदूक ही उघड चालणाऱ्या बंदुकीपेक्षां दहा पटींनीं घातकी असते.

सारांश असा नव्हे कीं नवीन कायदे करावे. आहेत तेच पुरेसे कडक आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसास तीनऐवजीं दोनच हत्यारें ठेवतां येतात. निष्काळजीपणानें हत्यार झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालणाऱ्यास, गोळी कोणाला लागो वा न लागो, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अथवा दोन्ही होऊं शकतात. माणूस मेला तर १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्यायसंहितेच्या कलम १०६ खालीं शिक्षा पांच वर्षांपर्यंत जाते. पूर्वीं ती दोन वर्षांची होती. २०१६ च्या नियमांनीं हत्यार हाताळण्याचें शिक्षण आणि तें सुरक्षित ठेवण्याची सोय या दोन्हींचा विचार केला आहे. न्यून आहे तें असें कीं परवाना एकदां हातीं पडल्यावर, नूतनीकरणाचा दिवस आणि निवडणूक हे दोन प्रसंग सोडले, तर ती बंदूक कोठें आहे, कोणाच्या हातांत आहे, कुलुपांत आहे कीं खोपटांत आहे, हें पाहण्यास कोणी फिरकत नाहीं. निवडणुकीच्या दोन महिन्यांत ठाण्याच्या कोठडींत पडलेली बंदूक कोणास मारीत नाहीं हें खरें. पण उरलेल्या काळाचें काय?

बाप वारल्यावर त्याची बंदूक माळ्यावर तशीच राहते, हाही असाच एक सर्वमान्य घोटाळा आहे. वारसास वाटतें कीं घरचीच वस्तु आहे, तिला काय विचारावयाचें? कायद्याचें म्हणणें असें कीं मालकाबरोबर परवानाही संपला. बंदूक विनाविलंब ठाण्यांत किंवा परवानेदार व्यापाऱ्याकडे जमा करून वारसानें आपल्या नांवें अर्ज करावा. तो अर्ज महिनोन् महिने पडून राहतो म्हणून वारस तो करीतच नाहीं, आणि घरांतली कायदेशीर बंदूक एका मृत्यूच्या दाखल्यानें बेकायदा होते. असे अर्ज ठराविक मुदतींत निकालांत काढण्याचें जिल्हाधिकाऱ्यांनीं जाहीर केलें, तर माळ्यावरच्या कित्येक बंदुका आपण होऊन खालीं उतरतील, असा आमचा भरंवसा आहे.

छाननी समितीनें निवडणुकीच्या तोंडावर घाईनें बसण्यापेक्षां वर्षांतून एकदां स्वस्थपणें बसावें. ज्यांच्यावर मारामारीचे गुन्हे आहेत, ज्यांच्या घरीं भाऊबंदकीचे दावे हातघाईवर आले आहेत, ज्यांचें दारूचें व्यसन साऱ्या गांवास ठाऊक आहे, त्यांची बंदूक मतदानाच्या दिवशीं नव्हे तर आजच काढून घ्यावी. कलम १७ नें परवाना तहकूब व रद्द करण्याचा अधिकार तेवढ्यासाठींच दिला आहे. उरलेल्या बागायतदारांस हंगामांत निःशंकपणें बाग राखूं द्यावी. राखणदाराच्याच हातीं बंदूक असावी लागत असेल तर मालकानें त्याची रीतसर तजवीज सरकारांतून करून घ्यावी. होत नसेल तर राखणदारास फटाके, डबे, कुत्रीं आणि विजेऱ्या द्याव्या. खर्च वाढेल अशी कुरकुर होईल. परंतु हापूसच्या पेटीवर बारदान, गवत, हमाली आणि दलाली यांचा हिशेब पैपर्यंत मांडणाऱ्या व्यापाऱ्यास एका पोलादी पेटीचें आणि कुलुपाचें मोल जड होऊं नये.

देवगडांत मोहोराची राखण सुरू होण्यापूर्वीं, पावसाळा सरतांच, पोलीस ठाण्यानें गांवोगांव एक एक दिवस ठरवून परवानेवाल्यांस बोलवावें. बंदूक जमा करावयास नव्हे, दाखवावयास. परवाना, बंदूक आणि ती ठेवावयाची कुलुपाची पेटी, तिन्ही पाहून वहींत नोंद व्हावी, आणि वनखात्याचा अंमलदारही त्याच दिवशीं तेथें बसून नुकसानीच्या व परवानगीच्या अर्जांस पोंच देईल अशी व्यवस्था करावी. जामसंडें, तळेबाजार, शिरगांव, पडेल, मिठबांव अशीं ठिकाणें धरलीं तर हें काम आठवड्याभरांत उरकण्यासारखें आहे. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांनीं मनांत आणल्यास यंदाच्या दिवाळीपूर्वीं तें होऊं शकेल.